पुलपिटाची उंची

चर्चमधले पुलपीट, म्हणजे उपदेश करायचा कठड्याचा मंच, उंच का असते, हा प्रश्न मला गेल्या रविवारी पडला. गुडघे दुखत असल्याने आमचे वृद्ध पाळकसाहेब त्या दिवशी खालीच उभे राहून उपदेश करू लागले. शेवटच्या बाकावरच्या मार्थाबाईंना कमी ऐकू येते. त्या ओठांवरून शब्द ओळखतात.

"साहेब, तोंड दिसंना. आज मी उपाशीच घरी जायचं का?"

साहेबांनी त्यांना हाताने पुढे बोलावले.

"पुढं तरण्यांना बसवा, डुलक्या घेताना तुम्हाला दिसतील तरी!"

हसत, कठडा धरून साहेब पुलपिटाच्या तीन पायऱ्या कण्हत चढले. वर्गातला चौथरा शिक्षकाच्या मानासाठी असतो, असे मी मास्तरकीच्या नोकरीभर समजत होतो. आता थकल्यावर कळते, उंची शेवटच्या बाकासाठी असते. बोलणाऱ्याच्या वाट्याला पायऱ्या येतात. माझ्यावर विसंबू नका. एकदा शेवटच्या बाकावर बसून पाहा.