तारेच्या खांबावरचा माणूस

हीरो खांबाला नमस्कार करत होता.

मी शॉट थांबवला, मागे घेतला, पुन्हा लावला. डोक्यावर काउबॉय हॅट, कमरेला पिस्तूल, पाठ कॅमेऱ्याकडे. वाळवंटातल्या तारेच्या खांबाशी तो येतो, वाकून बुंध्याला हात लावतो, तो हात कपाळाला नेतो आणि मगच चढायला लागतो. चढतो तोही जगावेगळा. अंग उलटं करून पाय वर टाकायचे, मांडीने खांब पकडायचा, सरळ व्हायचं, पुन्हा उलटं. वर पोचल्यावर नुसत्या मांड्यांच्या पकडीवर राहून दोन्ही हात मोकळे सोडतो आणि तारेला तार जोडून शत्रूचा संदेश चोरून ऐकतो. एवढ्या उलथापालथीत हॅट मात्र पडत नाही.

मी पुण्याची. शाळेच्या मैदानावर मुलं रोज हेच करताना बघितली आहेत. हा मल्लखांब होता, आणि तो खांबावरचा माणूस कोण हे मला ठाऊक होतं.

मी इंग्लंडात, मेडनहेडला एका छोट्या पोस्ट-प्रॉडक्शन कंपनीत काम करते. जुन्या फिल्मवरचे ओरखडे काढायचे, उडालेले रंग परत आणायचे, असं आमचं काम. त्या वेळी हातात एक एकोणीसशे साठनंतरची ब्रिटिश मालिका होती. हीरो दिसायला काउबॉय, आतून सरकारी गुप्तहेर. बुटाच्या टाचेत होकायंत्र, खोगिरात कॅमेरा. वाळवंट म्हणून दाखवलेली जागा इंग्लंडातलीच एक वाळूची खाण होती. पावसाळी ढग लपवता लपवता कॅमेरामन बिचारा मेटाकुटीला आलेला दिसायचा. जुन्या मालिका दाखवणारं एक चॅनल आमचं क्लायंट होतं.

आता वसंतकाकांबद्दल. कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळातले हे सगळ्यांत जुने सभासद. तरुणपणी साताऱ्याहून आले आणि गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झाले. गणपतीच्या जेवणाला कोणी नवं भेटलं की काका सांगणार, "मी इथल्या सीरियलमध्ये काम केलंय. हीरोच्या जागी खांबावर चढलोय." कारखान्याच्या सहलीत पैजेवर ते दिव्याच्या खांबावर चढले होते. ते बघून फोरमनच्या मेव्हण्याने, जो सेटवर सुतार होता, त्यांना एका दिवसासाठी नेलं. नाव कुठे आलं नाही, फोटो नाही, मालिका पुन्हा कधी लागलीही नाही. मग काय, मंडळात काकांचं नाव पडलं 'हॉलिवूड'. "हॉलिवूड, वाढा जरा मसालेभात," असं मीही म्हटलेलं आहे.

बाकीच्यांच्या चेष्टेचं काकांना काही वाटत नसे. दुखणं एकच होतं, त्यांची नात ईशा. लहानपणी तिने शाळेत, घरचं काही वर्गासमोर सांगायच्या 'शो अँड टेल'च्या तासाला, ही गोष्ट छाती फुगवून सांगितली. मुलांनी तिला खोटारडी ठरवलं. ती रडत घरी आली आणि त्यानंतर काकांनी विषय काढला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. आता ती साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. पण काका मला एकदा म्हणाले होते, "तिच्या लेखी मी थापाड्या तो थापाड्याच."

तर तो शॉट समोर होता आणि एक अडचण होती. तेव्हाचा टीव्ही जवळजवळ चौकोनी असायचा. आजचा आडवा आहे. जुनं चित्र आडव्या पडद्यावर भरायचं तर वरचा किंवा खालचा भाग कापावा लागतो. याला आम्ही रिफ्रेमिंग म्हणतो. प्रत्येक शॉटला काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे माझ्यासारखं कोणीतरी खुर्चीत बसून ठरवतं. इथे वरची तार ठेवली तर बुंध्याचा नमस्कार जात होता, आणि नमस्कार ठेवला तर तार. एकच उपाय होता. फ्रेम खालून सुरू करून माणसाबरोबर हळूहळू वर न्यायची. क्लायंटने मात्र फ्रेम हलवायला मनाई केली होती. मी माझ्या बॉसकडे, ग्रॅहमकडे गेले.

"सानिका, इट्स अ मॅन अँड अ पोल," तो म्हणाला. "वरचं ठेव. गोष्ट वर घडते आहे."

"गोष्ट खाली सुरू होते," मी म्हटलं. "तो चढायच्या आधी खांबाची परवानगी घेतोय. तो त्या खेळाचा भाग आहे."

"कुठला खेळ?"

मी त्याला सगळं सांगितलं. मल्लखांब, सातारा, फोरमनचा मेव्हणा, सगळं. ग्रॅहमने शॉट स्वतः तीनदा बघितला. "त्या हॅटचं काय? पडत का नाही?"

"हनुवटीखाली दोरी आहे. काका म्हणायचे, गळ्याला काचत होती."

तो हसला आणि क्लायंटला फोन लावला. परवानगी मिळाली. मी त्या एका शॉटवर अख्खा दिवस घालवला. इतका प्रेमाने केलेला शॉट माझ्या हातून क्वचितच गेला असेल.

प्रसारणाआधी क्लायंटचं मटीरियल बाहेर कोणाला दाखवायचं नाही, असा करार असतो. तो मी पाळला. पण तोंड कोण बांधणार? मी काकांना फोन केला. "काका, पुढच्या रविवारी दुपारी टीव्ही लावा. मी काही बोलत नाही, पण लावा."

काका म्हणाले, "खांब आहे?"

"मी काही बोलत नाही," मी म्हटलं, आणि आनंदाच्या भरात वर जोडलं, "चार माणसं बोलवा."

हे शेवटचं वाक्य मला आजही टोचतं. कारण आमच्या धंद्यात राहून मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आम्ही एपिसोड पूर्ण देतो. त्यानंतर चॅनल जाहिरातींना जागा करण्यासाठी त्यातली थोडी मिनिटं कापतं. त्याला ट्रिम म्हणतात. ट्रिममध्ये सगळ्यांत आधी काय जातं? जिथे कोणी बोलत नाही ते. ज्याच्यावाचून गोष्ट अडत नाही ते.

रविवारी मी कॉव्हेंट्रीला गेले. काकांनी चार नव्हे, घर भरून माणसं बोलावली होती. बटाटेवडे तळले होते. ईशा खास आली होती, कारण थोड्याच दिवसांत ती ऑस्ट्रेलियाला नोकरीसाठी निघणार होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टीव्हीसमोरची मधली खुर्ची त्यांनी स्वतः न घेता ईशाला दिली.

हीरो घोड्यावरून उतरला. खांबाकडे चालत गेला. "आता," काका हळूच म्हणाले. पुढच्या क्षणी हीरोचा चेहरा जवळून दिसला, कानाला यंत्र लावून तो शत्रूचा संदेश ऐकत होता. चढणं नाहीच. नमस्कार नाही, मांडी नाही, काही नाही. मग जाहिराती लागल्या.

"आजोबा, तू कुठे आहे?" ईशाने विचारलं.

कोणीतरी खोकलं. कोणीतरी वड्यांची ताटली पुढे केली. मी घाईघाईने बोलायला लागले. ट्रिम म्हणजे काय, चॅनल कसं करतं, मी शॉट स्वतः केलाय. जितकं बोलत गेले तितकं ते काकांच्या बाजूने रचलेलं वाटत गेलं. लोक समजूतदारपणे माना डोलावत होते. चेष्टा कोणीच केली नाही. चेष्टा परवडली असती.

काका म्हणाले, "राहू दे गं सानिका. इतकी वर्षं झाली. दुसऱ्याच कुठल्या सीरियलमध्ये असेल. माझीच काहीतरी गफलत."

आयुष्यभर एका गोष्टीवर ठाम राहिलेला माणूस माझ्यासमोर स्वतःवरच शंका घेऊ लागला होता. मला फार वाईट वाटलं.

ईशा उठली आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली. "इट्स ओके, आजोबा. मी बिलीव्ह करते. ऑनेस्टली." काकांनी तिचा हात थोपटला.

त्यानंतर मी चॅनलच्या मागे लागले. मेल, फोन, पुन्हा मेल. शेवटी लेखी परवानगी आली. शॉट मी फक्त काकांना, माझ्या लॅपटॉपवर दाखवायचा, कॉपी कुठेही पाठवायची नाही. तोवर ईशा जाऊन बरेच दिवस झाले होते.

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. काकांनी चष्मा पुसला. शॉट लागला. बुंध्याला हात, हात कपाळाला, मग ते चढणं. काकांनी पुढे वाकून पडद्यावर बोट ठेवलं. "इथे पाय घसरला होता. दिसतो? डांबर होतं खांबाला."

दिसत होता. इतके दिवस त्या शॉटबरोबर राहून माझ्या नजरेतून ते सुटलं होतं.

"काका, मी ईशाला व्हिडिओ कॉल लावते. लॅपटॉपसमोर फोन धरते. करार गेला खड्ड्यात."

"नको."

"का? तिला कळायला नको?"

त्यांनी लॅपटॉप हलकेच मिटला. "त्या दिवशी ती सगळ्यांसमोर म्हणाली, माझा विश्वास आहे. खरं म्हणाली की माझी कीव आली म्हणून म्हणाली, मला माहीत नाही. हे दाखवलं तर 'ओह माय गॉड' म्हणेल. मग ती कीवच होती, हे मला माहीत होईल." मग उठत म्हणाले, "चहा घेणार?"

मी घेतला.

चॅनल अजून अधूनमधून ती मालिका लावतं. तो एपिसोडही लागतो. हीरो खांबाकडे चालत जातो आणि पुढच्या क्षणी वर असतो. त्याबद्दल कोणाचीही तक्रार आलेली नाही, असं ग्रॅहम सांगतो. गोष्ट कुठेच अडत नाही.

मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. आमचं काम टीव्हीवर येणार असलं की मी आधी ते स्वतः घरी एकटीने बघते. पुन्हा लागणार असलं की मग माणसं बोलवायचं ठरवते.