बाईच्या बारवेवरची हाक

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. पतसंस्थेत नोकरी करते, अंगारे-धुपारे घेऊन येणाऱ्यांना तोंडावर झापते. तरीपण हे लिहितेय... कारण आतल्या आत ठेवून आता जीव घाबरा होतो.

नळदुर्गजवळ, हायवेपासून थोडं आत आमचं गाव. गावात जुनी पायऱ्यांची विहीर आहे — बाईची बारव. निजामाच्याही आधी कुणा देशमुखीणबाईनं अंगावरचे दागिने मोडून ती बांधली म्हणतात. तिची समाधी कुठं दिसत नाही, पण पेठेला, शाळेला, रिक्षा स्टँडला नाव बाईचंच. बारवेच्या राखणीसाठी तिनं आमच्या घराण्याला शेत दिलं, एका अटीवर. सकाळी पहिली घागर भरायच्या आधी रस्त्याकडं तोंड करून हाक द्यायची, "कुणी तहानलेलं हाय का?" कुणी आलं तर आधी त्याला पाणी, मग घरच्यांना. जात विचारायची नाही.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही हाक जन्मभर दिली. पण मागच्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं आणि त्यांनी बारवेच्या जाळीला कुलूप घातलं. हाक बंद. आई बोलली तर तिच्यावरच डाफरले, की अख्खं गाव आलं तर आपली जनावरं काय पितील?

एका दुपारी दारात एक बाई आली. नऊवारी, डोक्यावरून पदर, पाय अनवाणी. मी ओट्यावर ज्वारी निवडत होते, या डोळ्यांनी पाहिली. तिनं पाणी मागितलं. कमरेला किल्ली खोचलेली असताना अण्णा म्हणाले, "पाणी न्हाय."

ती वळून बारवेकडं गेली. तिकडं पुढं वाटच नाही, नुसती कुलूपबंद जाळी. मी मागोमाग गेले तर कुणीच नव्हतं.

त्या संध्याकाळपासून अण्णांना तहान लागली. तांब्यामागून तांबे... पोट टरटरून फुगायचं, ओठ मात्र फुटलेले. सोलापूरला नेलं. शुगर नॉर्मल, किडनी नॉर्मल, डॉक्टर चक्रावलेले. अण्णा आईला म्हणायचे, "पाणी आत जातंय, पर मला मिळंना गं." ऐकून जीव तुटायचा. शेवटी मीच कुलूप काढलं, हाक दिली, बारवेवर गाव लोटलं. काही उपयोग झाला नाही. तोंडात पाणी असतानाच अण्णा गेले.

आता हाक मी देते. दिवाळीनंतर एका सकाळी, चांगलं ऊन पडलेलं, मी नेहमीसारखं विचारलं, "कुणी तहानलेलं हाय का?" रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि खालून, पाण्याजवळून आवाज आला...

"मी हाय गं, माय."

मला माय म्हणणारे फक्त अण्णा होते.

भास असेल, आवाज घुमत असेल, सगळं स्वतःला सांगून झालं. पण मागं उभ्या असलेल्या आईच्या हातून कळशी सुटली, म्हणजे तिनंही ऐकलं. याचा उलगडा मला अजून झालेला नाही, कुणाला होत असेल तर सांगा. रोजची पहिली घागर मी खालच्या पायरीवर ठेवते. अटच तशी आहे, हाकेला ओ देईल त्याला आधी. संध्याकाळी घागर रिकामी असते. आणि सकाळी हाक दिली की खालून पुन्हा तोच आवाज येतो.