वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणाऱ्या मॅडम

सुनंदा शेडगे मॅडम यांची आणि माझी पहिली भेट आमच्या घराच्या ओटीवर झाली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. एस.टी.तून उतरल्यावर अर्धा तास चढ चढावा लागतो. दिव्यांगांच्या व्यवसाय पुनर्वसनाचे काम पाहणाऱ्या सरकारी अधिकारी येणार, म्हणून आईने सतरंजी घातली होती. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. जन्मापासून माझा उजवा हात आखडलेला आहे आणि शब्द तोंडातून निघायला वेळ लागतो. आठवीत शाळा सोडली, कारण उत्तर येत असूनही ते बाहेर पडेपर्यंत तास संपायचा.

मॅडमनी मला विचारले, "तुला कोणतं काम आवडेल?"

उत्तर आईने दिले. "त्याला बोलायला जमत नाय हो मॅडम. बसल्या जागी होईल असं कायतरी द्या."

"ताई, तुम्ही चहा ठेवा. आम्ही दोघं बोलतो."

"चहा उतू जाईल, पण ह्याचं वाक्य पुरं व्हायचं नाय!"

"जाऊ दे उतू. दुसरा ठेवू."

चहा खरोखरच उतू गेला. पण वाक्य पुरे झाले. मॅडमना भरायच्या अर्जात 'उमेदवाराचे म्हणणे' असा एक रकाना असतो. तिथे 'इच्छुक आहे' असे लिहूनही भागते. मॅडमनी मात्र माझे शब्द जसेच्या तसे लिहिले, "मला पाण्याच्या मोटारी उघडून बघायच्या आहेत." मग ते मला वाचून दाखवले आणि बरोबर आहे का, असे विचारले. माझ्या म्हणण्याची अशी खात्री तोवर कुणी करून घेतली नव्हती.

पुढे महाडला मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याच्या तारेचे नवे वेढे भरण्याचे, प्रशिक्षण मिळाले. एका हाताने यंत्राचा दांडा फिरवता येई, पण तार धरायला दुसरा हात लागे. मॅडमनी सुताराकडे तीन खेपा घालून खाच असलेली फळी करून घेतली. तार त्या खाचेतून सरळ येते. मॅडम विसरभोळ्या आहेत, हेही लिहिले पाहिजे. त्या गडबडीत त्यांच्या दोन छत्र्या आमच्याकडे राहिल्या, त्या अजून आहेत.

खरी परीक्षा एस.टी. डेपोजवळच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात झाली. तिथे काम मिळाले नसते, तर मी परत ओटीवर बसलो असतो. दुकानाचे मालक दगडूशेठ यांनी माझ्या हाताकडे पाहिले आणि मॅडमना विचारले, "तार कोण धरणार?"

मॅडम गप्प. मला त्यांचा फार राग आला. एक शब्द बोलल्या असत्या तर! शेवटी मीच म्हणालो, "फळी... धरेल."

"फळी? आणि वेढे मोजायला चुकलास म्हणजे?"

"सगळी... उलगडून... परत मोजेन."

"अरे बाबा, मग मी दुकान बंद कधी करू?" दगडूशेठ हसले. "ये सोमवारपासून. फळी घेऊन ये."

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "मी बोलले असते, तर त्यांनी मला कामावर ठेवलं असतं." त्या दुकानात मला आता पाच वर्षे झाली.

मॅडमच्या साठीच्या या समारंभात हा लेख दुसऱ्या कुणी वाचावा, अशी विनंती मी सत्कार समितीला केली होती. मॅडमना ते कळले. त्यांचा फोन आला, "लेख तुझा ना? मग?" एवढेच बोलून त्या थांबल्या. मला बराच वेळ काही बोलता आले नाही. त्यांनी फोन ठेवला नाही. अखेर मी म्हणालो, "मीच... वाचतो."

तेव्हा जमलेल्या सर्वांना नम्र विनंती, की मी अडलो तर पुढचा शब्द कुणी सुचवू नये. मॅडम तर सुचवणार नाहीतच. माझे शेवटचे वाक्य एवढेच आहे: साठी पूर्ण करणाऱ्या आमच्या मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यांचे गुडघे चढाला साथ देत राहोत, कारण वरच्या वाड्यांमध्ये अजून कितीतरी जणांचे वाक्य अर्ध्यावर राहिले आहे.