मामांचं ध्यान

आमच्या प्रयोगशाळेतले मामा परीक्षानळी किंचित तिरकी करत, आतला द्रव किती सावकाश ओघळतो ते पाहत आणि तापमापीकडे न बघताच सांगत, "आता जाळ काढा." शिक्षण सातवीपर्यंत, गाव ढोकी, तरुणपणी गुऱ्हाळावर काम केलेलं. मी सतत पुस्तकात डोकं घालून असे, म्हणून ते मला पंडित म्हणत.

बल्क पॉलिमरायझेशन मी पुस्तकातून पाठ केलं; कळलं ते मामांमुळे. त्यात द्रावक नाही, पाणी नाही. नुसता मोनोमर, म्हणजे सुटे रेणू, आणि क्रिया सुरू करायला चिमूटभर पेरॉक्साइड. रेणूला रेणू जोडून साखळ्या लांबतात, द्रव दाटतो आणि निर्माण होणारी उष्णता आतच कोंडते. "काकवीगत हाय, पंडित," मामा म्हणत. "पातळ हाय तवर ऐकतं. दाटलं की आतला जाळ बाहीर येत न्हाय." नळी दोन दिवस कोमट पाण्यात ठेवून त्यांनी पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये करडईचं वाळलेलं फूल बसवलं होतं. आत एक बुडबुडा नव्हता.

तसंच फूल मला प्रदर्शनात मांडायचं होतं. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, आणि हाती एकच दिवस. मामा नळीवर लक्ष ठेवून होते. ते जेवायला गेले तेव्हा मी वॉटरबाथचं तापमान वाढवलं आणि वाचत बसलो. परत येताच ते ओरडले, "आरं, कुणी वाढिवलं?" नळी बाहेर काढायला त्यांनी हात घातला आणि ती हातातच फुटली. उकळता चिकट रस मनगटापर्यंत बसला.

विभागप्रमुखांनी विचारलं तेव्हा मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं ध्यान न्हवतं, सर." मी तिथंच उभा होतो.

त्यांना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर बसवलं. येता-जाता ते विचारत, "काय पंडित, वाचन जोरात?" त्यात टोमणा नसे. असता तर बरं वाटलं असतं.

पुढं मी हाच विषय शिकवू लागलो. गेल्या महिन्यात मामा वारले, म्हणून ढोकीला गेलो. मामींनी चहा दिला.

"सर, एक इचारू? ह्यांच्या हातून कधी काय बिघडलं न्हाय. त्याच दिशी कसं वो ध्यान सुटलं? मरस्तोवर सांगितलं न्हाय."

"होतं कधी कधी," मी म्हणालो आणि चहा प्यायलो.

आज हे सगळं लिहून काढलं. मामींना वाचता येत नाही. जाऊन तोंडानंच सांगावं लागेल.