भासऱ्यासमोर घेतलेला कॉम्प्युटर

आमच्या घरी कॉम्प्युटर आहे. नातवंडं त्याच्यावर कार्टून पाहतात, एकादशीला मी भजनं लावून घेते. पाहुणे म्हणतात, खेड्यात एवढी मोठी मशीन! मी हसते अन् चहा टाकायला उठते. ती कशासाठी आणली होती, ते सांगवत नाही.

धाकटी सून माहेरी, अनसिंगला, लग्नाचे व्हिडिओ जोडायचं काम शिकली होती. इकडे शिरपूरला आली अन् ते काम सुटलं. लग्नसराईच्या तोंडावर शेजारच्यांनी त्यांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ तिलाच करायला सांगितला, तेव्हा म्हणाली, "आई, मशीन असली तं घरीच करतो मी. माह्या हातचं काम राहीन." अशी खुलली होती पोरगी!

पण साध्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ अडकतो. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. ते कसं पाहायचं, हे तिनं शेंगा फोडता फोडता मला समजावलं. एकाच नावाचं कार्ड दोन तऱ्हेचं येतं. जीबी सारखेच, पण एकाची मेमरी चपळ, दुसऱ्याची मंद. डब्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तेवढं वाचलं की झालं.

धाकटा मुलगा ट्रकवर, परराज्यात. म्हणून वाशीमला खरेदीला मोठा मुलगा, ती अन् मी. आता मोठा दीर म्हणजे आमच्याकडे भासरा. त्याच्यासमोर सून डोक्यावरचा पदर पडू देत नाही, अन् बोलत तर नाहीच. काय सांगायचं ते सासूच्या कानात. मीही माझ्या भासऱ्यांशी ते जाईपर्यंत एक शब्द बोलले नाही. त्यात काही वावगं असेल, असं मनातही आलं नव्हतं.

दुकानदारानं कार्डाचा डबा काउंटरवर ठेवला. मोठ्या मुलानं तो हातात घेऊन वजन पाहिलं. सून दाराशी उभी होती. तिनं माझा पदर ओढला अन् कानात म्हणाली, "बाजूचं वाचाले सांगा ना त्यायले."

"अरे, ते बारीक अक्षर वाच म्हणते ती," मी म्हटलं.

"चार जीबी लिहेल हाय ना मोठ्या अक्षरात? चार मंजे चार."

"चारमधीबी दोन तऱ्हा रायतात म्हणते."

"काय कानात बोलून राह्यल्या तुमी दोघी?" तो दुकानदाराकडे पाहून हसला. "आई, तू कवा इंजिनिअर झाली वं?"

दुकानदार हसला. मलाही हसू आलं. तिच्या हातातला माझा पदर सुटला, तेवढं मला कळलं. डबा तिच्यापासून दोन हातांवर होता. पण तो घ्यायचा तर भासऱ्याच्या पुढून जावं लागलं असतं.

कार्ड मंद निघालं. शेजारच्यांचा व्हिडिओ जोडायला घेतला की मशीन थबकायची, मग बंदच पडायची. दुकानदार म्हणाला, सील फोडलं, आता बदलून मिळत नाही. लग्नाचं काम शेवटी वाशीमच्या स्टुडिओत गेलं. पुढं कोणी तिला विचारलंही नाही.

मोठा मुलगा वाईट नाही हो. बाजार समितीत सोयाबीन नेलं की वजन सारखं असूनही ओलाव्यावर भाव पडतो, म्हणून ओलावा मोजायच्या मशीनवरचा आकडा स्वतः वाकून पाहतो. मी त्याला म्हटलं, "तसंच व्हतं रे ते कार्डाचं." त्यानं कार्डाचा रिकामा डबा उचलून बाजूचं बारीक अक्षर वाचलं. मग म्हणाला, "मंजे ओलावा पाह्यलाच नाही मी."

दिवाळीनंतर सोयाबीन विकून आला अन् स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबला.

"आई, तिले विचार, कोणतं कार्ड पाहिजे. यावेळी डबा तिच्याच हातात देतो."

मी वळले. ती भाकरी थापत होती. पदर तसाच डोक्यावर. मी विचारायच्या आधीच ती बोलली, माझ्या कानात नाही, सरळ.

"राहू द्या आता."

त्याच्याशी बोललेले तिचे हे पहिलेच शब्द. आधी हाकसुद्धा नाही. काय म्हणून हाक मारणार? भासऱ्याला हाक मारायला आम्ही तिला शब्दच दिला नव्हता.

तो चपला घालून वावरात गेला. तिनं भाकरी तव्यावर टाकली.