नरेशने बसवलेली मारामारी

नरेशचा गुद्दा आला तेव्हा मी पडायला हवं होतं. मी पडलो नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना सुरुवात त्याच्यापासून करतात, स्वतःच्या चुकीपासून नाही, हे मला कळतं. पण हे आधी सांगितल्याशिवाय त्याच्याबद्दल दुसरं काही लिहायचा मला हक्क नाही. काही आठवडे झाले, लिहायला बसतो, उठतो, गॅलरीत जाऊन येतो, पुन्हा बसतो...

तो गेल्याचं कळलं तेव्हा मी गोखिवऱ्याला कारखान्यात होतो. शाळेच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला. हसरा, गळ्यात टॉवेल. मला आधी वाढदिवसच वाटला. मग खालचे जोडलेले हात दिसले. सकाळी निर्मळ गावी वाडीतल्या बागेला पाण्याची मोटर लावायला गेला होता, तिथेच बसला आणि उठला नाही.

शाळेत असताना आम्ही दोघं कुणाकुणाच्या घरी व्हिडिओवर कराटे-कुंगफूचे सिनेमे बघायचो. कोण जिंकतं एवढंच मला बघायचं असायचं. नरेश मात्र टेप मागे घ्यायचा आणि शेजारी बसलेल्यांच्या शिव्या खायचा. तो मारणाऱ्याकडे बघतच नसे. "अरे, मारणारा नुसता हात फिरवतो," तो म्हणायचा. "लागलं की नाही, ते मार खाणारा सांगतो." हल्ली मुलीच्या, रुचाच्या नादाने तो जपानी ॲनिमे बघायला लागला होता. मी त्याला चिडवायचो, की तुझी ही कार्टूनं अर्धा भाग नुसती समोरासमोर उभी राहून बोलतात, तेवढ्या वेळात माझं जेवण होतं. तो शांतपणे सांगायचा, की दोघांपैकी कुणाचं काय जाणार आहे ते आधी कळलं पाहिजे, कोण कुठे उभा आहे ते दिसलं पाहिजे, कोण दमलाय तेही. नाहीतर ती मारामारी नाही, धक्काबुक्की.

माझ्या लग्नाआधी आम्ही गावच्या उत्सवात नाटक केलं होतं. नरेश फुलांच्या वाडीचा मालक, मी त्याची जमीन लाटायला आलेला दलाल. शेवटची मारामारी त्यानेच बसवली होती. केळीची सुकी पानं पसरून त्यावर त्याने मला पडायला शिकवलं. मारामारी कसली, सगळा वेळ तोच मार खायचा. मी त्याची फुलांची टोपली लाथेने उडवायची, त्याने फुलं गोळा करायची. मी पुन्हा उडवायची, त्याने पुन्हा गोळा करायची. "लोकांचे हात शिवशिवले पाहिजेत," तो म्हणायचा. "ते आतून ओरडले पाहिजेत, आता तरी मार. मग एकच गुद्दा. आणि तू आडवा."

त्या प्रयोगाला माझे होणारे सासरे वटारहून आले होते. पहिल्याच रांगेत. मी टोपली उडवली, सभागृह चिडीचूप झालं, नरेश सावकाश उठला. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "जावईबापू, लग्नाआधीच मार खाताय?" लोक हसले. सासरेही हसले. नरेशचा गुद्दा आला आणि मी उभाच राहिलो. कॉलर झटकली, प्रेक्षकांकडे बघून हसलो. शिट्ट्या पडल्या. नरेशचा हात तसाच हवेत. त्याने गोंधळून आणखी एक मारला, मग कुणीतरी पडदा ओढला.

दुसऱ्या दिवसापासून गावात एकच, नऱ्याची मारामारी म्हणजे नुसता गरबा. नाटक बसवणाऱ्या बाळूकाकांनी त्याला विचारलं तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. "टायमिंग चुकलं माझं," नरेश म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही. मी विषय बदलला. पुढच्या वर्षी मारामारीच्या जागी नाच आला, आणि नरेशने पुन्हा कधी काही बसवलं नाही. आमची मैत्री तुटली नाही. तुटली असती तर बरं झालं असतं...

शेवटचा भेटलो तेव्हा तो आणि रुचा ओट्यावर टॅबलेटवर काहीतरी बघत होते. "काका, बाबा नुसते बघण्यात हुशार," रुचा म्हणाली. "बसवायला गेले की गरबा होतो. अख्खं गाव सांगतं." नरेश हसला. "खरंय गं," म्हणाला. मी चहा पीत राहिलो. तेव्हा बोलता आलं असतं. तिच्यासमोर, तो समोर असताना.

शोकसभेत बाळूकाका बोलले. प्रेमानेच बोलले, आणि प्रेमानेच तो गरबा आठवला. लोक डोळे पुसता पुसता हसले. रुचाही हसली, आणि ते मला बसू देईना. मी उठलो. म्हणालो, ती मारामारी नरेशमुळे फसली नाही, मी मुद्दाम पडलो नाही म्हणून फसली. पुढचं काय बोललो ते आठवत नाही. बाळूकाका बराच वेळ चष्मा पुसत होते. माझी बायको खाली बघत होती. तिच्या वडिलांनी कितीतरी वर्षं अभिमानाने सांगितलेला किस्सा होता तो, आमचा जावई पडत नाही म्हणून.

बाहेर रुचा चपला घालत होती. तिने विचारलं, "तुम्ही पडणार कसे होतात?"

मी सांगितलं. एकदम पडायचं नव्हतं. गुद्दा लागल्यावर आधी नरेशकडे बघायचं होतं, हा माणूस मारूही शकतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळणार होतं. मग एक गुडघा जाणार, मग दुसरा, आणि नजर न काढता मी त्याच्या फुलांशेजारी आडवा. तुला कळलं की लोकांना कळेल, असं तो म्हणाला होता.

"भारी होतं," ती म्हणाली. अगदी हळू.

"भारीच होतं. ते मी लोकांना बघू दिलं नाही. तुझ्या बाबांना नावं ठेवली गेली आणि मी ऐकत राहिलो. त्याला सांगायचं राहिलं, रुचा, म्हणून तुला सांगतो. चुकलं माझं. मला माफ कर."