टाकीतली कायमची दुपार

दुपारी जेवण झालं की मी टाकीसमोरच्या खुर्चीत बसतो, पण झोपायचं टाळतो. झोपलं की उठताना वीणा नाही हे पुन्हा नव्याने कळतं. आज मात्र वरणभात जरा जास्त झालाय, पंपाचे बुडबुडे एकसुरात वाजतायत आणि पापण्या आपोआप खाली येतायत. मिटलेल्या पापण्यांतूनही टाकीचा उजेड आत येतोच. हिरवा.

वीणा माझी बायको. एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. सगळी नोकरी त्या बंद खोलीत गेली, म्हणून घरी उजेडात वाढणारं काहीतरी हवं, असं म्हणत तिने ही काचेची टाकी आणली. तळाशी काळी वाळू घातली, खेळण्यातली प्लास्टिकची नाही, खरी पाणवनस्पती लावली आणि त्यातून फिरणारे इवलेसे मासे सोडले. ती गेली त्या संध्याकाळी टाकीवरचा दिवा चालू होता. मी तो मालवला नाही. माणूस गेल्यावर घरात दिवा ठेवतात, तसा तो राहू दिला. दिवस झाले, पाहुणे गेले, पावसाळाही सरला. बटणाकडे हात काही गेला नाही.

आधी काचेवर हिरवी धूळ बसल्यासारखं दिसायला लागलं. मग पानांच्या कडांना काळी लव आली. मग लांबच लांब हिरवे धागे. मी काच घासली, पाणी बदललं, गोगलगायी सोडल्या. शेवाळ मारायचं औषध घातलं, तर त्याने काही मासेच उलटे होऊन वर आले. "काका, दिवा किती वेळ चालू असतो?" दुकानदाराने विचारलं. "असतो थोडा वेळ," मी म्हणालो. आमची गार्गी काल फोनवर म्हणाली, "बाबा, मी उद्या येते आणि टाकी घेऊन जाते. आईच्या टाकीचे असे हाल मला बघवत नाहीत."

"अहो, सरका जरा."

वीणा आहे. टाकीवर वाकलीये, अंगात दवाखान्यातला पांढरा कोट, कोपरापर्यंत हात पाण्यात. मला नवल वाटत नाही. तिचे हात फिरतायत आणि पाणी मात्र हलत नाहीये, एवढंच दिसतं.

"कधी आलीस?"

"मघाशीच. तुम्ही जेवत होतात. लोणचं किती ते! बीपीची गोळी तरी घेतलीत का?"

"घेतली. गार्गी येतेय, टाकी न्यायला."

"तिला देऊ नका. तिच्याकडे मांजर आहे."

ती वळते आणि मला तिचे केस दिसतात. शेवटच्या महिन्यांत एकही उरला नव्हता. घरातही रुमाल बांधून असायची. आता ते पाठीवरून उतरून खुर्चीच्या पायांशी आलेत, फरशीवर पसरलेत, सोफ्याखाली गेलेत.

"केस आले की गं तुझे."

"आले. आता थांबतच नाहीत." ती माझ्या हातात एक जुना टूथब्रश देते. "हे घ्या. ओढायचं नाही, मुळं हलतात. ब्रश आत घालायचा आणि गोल गोल पिळायचा. धागे गुंडाळले जाऊन आपसूक बाहेर येतात."

मी ब्रश घालतो, पिळतो. केस गुंडाळले जातात. थंड, बुळबुळीत. वरून काळे, खाली हिरवे. मी झुबके काढून बाजूला ठेवतो आणि परत वळतो, तर तेवढेच केस पुन्हा समोर.

"दुखतंय का?"

"दुखत नाही. जड होतं."

झुबके ठेवलेत तिथली फरशी ओली आहे, आणि ती फरशी नाहीच, वाईच्या घाटाची पायरी आहे. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा इथेच येऊन बसलो होतो. आज घाटावर चिटपाखरू नाही. नदी काचेसारखी थांबलीये. पाण्यात पलीकडच्या देवळाचं प्रतिबिंब पडलंय, पण मान वर करून बघतो तर पलीकडे देऊळ नाही. ऊन डोक्यावर आहे, बाजूने आहे, पायांखालूनही येतंय. वीणाला सावली नाही. मी माझी शोधतो. मलाही नाही.

"किती वाजले असतील?"

"इथे दुपारच असते," ती म्हणते. "तुम्हीच ठेवलीये."

"मी?"

"अहो, झाडांनाही रात्र लागते. सतत उजेड असला की ती दमतात, पानं गळायला लागतात. शेवाळ काही दमत नाही. उरलेला सगळा उजेड तेच खातं." ती पायरीवर बोट फिरवते, बोट हिरवं होतं. "आणि मला झोप लागत नाही."

ती माझं मनगट धरते आणि खालच्या पायरीवर नेते. त्याच्या खालची पायरी म्हणजे एक्स-रेची खोली. दारावर लाल दिवा. ती मला नेहमीच्या सफाईने उभं करते, हनुवटी वर, खांदे पुढे, छातीशी ती गार पाटी. पाणी पोटापर्यंत आलंय. तळव्यांखाली काळी वाळू सरकतेय. वीणा काचेपलीकडे जाते, तिचा आवाज मात्र कानाशीच येतो.

"श्वास घ्या."

मी घेतो.

"रोखून धरा."

मी धरतो. पाणी गळ्याशी येतं, कानांत शिरतं, डोक्यावरून जातं. यानंतर ती 'सोडा' म्हणते. हजारो लोकांना तिने तसं म्हटलंय. आता म्हणत नाही.

काचेपलीकडे आता आमचा हॉल आहे. खुर्चीत एक म्हातारा झोपलाय, तोंड उघडं, चेहरा हिरवा. त्याची छाती हलत नाहीये. माझ्या घोट्यांना केस लागतात, पिंढऱ्यांवर चढतात. एक छोटा मासा येऊन माझ्या ओठांशी थांबतो. भीती वाटायला हवी हे मला कळतं. पण वाळू मऊ आहे, आणि वीणा आता शेजारी उभी आहे.

"इथेच राहू का मी?" तोंड न उघडता मी विचारतो. विचारल्यावर कळतं, खुर्चीत बसून रोज हेच विचारत होतो.

ती माझ्याकडे बघत राहते. आल्यापासून तिची पापणी एकदाही लवलेली नाही, हे मला आत्ता दिसतं. घोट्यांभोवतीचे केस घट्ट होतात. ती हो म्हणेल असं वाटतं.

"नको," ती म्हणते. "पोरीला दोघांचं एकदम कसं झेपेल?"

केस सैल पडतात.

"दिवा बंद करा. जाड चादर टाका, चारी बाजूंनी, फट राहू द्यायची नाही. पंप चालू राहू दे. तीन दिवस कोपरा उचलून बघायचं नाही. खायला घातलं नाही तरी माशांना काही होत नाही. मग अर्धं पाणी बदला आणि रोज थोडा थोडा वेळच दिवा लावा."

"अंधार केला तर तू दिसणार नाहीस."

"नाही दिसणार."

"मग?"

"मग झाडं जगतील." ती हात पुढे करून माझ्या छातीवर ठेवते, जिथे पाटी होती तिथे. हात गार नाही, कोमट आहे. "किती वेळ धरून ठेवलाय हो. सोडा."

श्वास फुटतो आणि मी खुर्चीत खोकत उठतो. खोकला थांबायला बराच वेळ लागतो. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नाहीये. पंप वाजतोय. मी उभा राहतो, टाकीवरचं बटण दाबतो. हॉल एकदम राखाडी होतो, मला वाटलं होतं तेवढा काळा नाही.

कपाटातून सोलापुरी चादर काढतो, दुहेरी करून टाकीवर घालतो, मागची बाजू भिंतीशी खोचतो. मग गार्गीला फोन लावतो.

"उद्या ये, पण टाकी न्यायला नको. जेवायलाच ये."

"बाबा? आवाज असा का येतोय? रडताय का?"

"थोडं," मी म्हणतो. "आणि इथे टाकीवर चादर घातलीये. आलीस की उचलू नकोस."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज येतो, मग ती म्हणते, "भरली वांगी आणते."

फोन ठेवून स्वयंपाकघराकडे निघतो, तर पायाला काहीतरी खरखरीत लागतं. वाकून बघतो. बोटांच्या बेचक्यांत काळी वाळू आहे. ओली. खुर्चीपासून इथपर्यंत फरशी कोरडी आहे, टाकीचं झाकण चादरीखाली बंद आहे. मी खाली बसून ती वाळू एकेका बेचक्यातून काढतो, तळहातावर गोळा करतो. चांगली चमचाभर निघते.

टाकीत परत टाकायची तर चादर उचलावी लागेल. मी मूठ मिटतो.